चाखणीचा कातळ

ओहोळाच्या कडेला हा जो काळा कातळ दिसतोय, ज्यावर तुमच्यातल्या दादांनी आत्ताच बूट काढून ठेवले, त्याला आम्ही चाखणीचा कातळ म्हणतो. बूट उचला आधी. रागावत नाही मी, पण तिथं आम्ही अन्न ठेवतो. आता जवळ येऊन नीट बघा. वरच्या झऱ्यापासून खाली उतरत आलेल्या बोटभर खोल खाचा आहेत. एकीतलं पाणी दुसरीत पडतं, दुसरीतलं तिसरीत. शिमग्याच्या दिवसांत खालचा डोह हिरवा पडून नुसता बसलेला असतो, तेव्हाही ह्या खाचांमधलं पाणी हलत असतं. मागे एकजण सगळ्यांना सांगत होता, ह्या खाचा पांडवांनी पाडल्या म्हणून. पांडवांना दुसरा काही उद्योग नव्हता का? एका बाईने आणि तिच्या नवऱ्याने पाडल्यात त्या.

बसा सगळे. पानं मांडलीत, पानांवर वाढलंय, पण हात लावू नका अजून. ह्या ताईंनी मघाशी मोबाइलमध्ये बघितलं आणि मला म्हणाल्या, मावशी, हा कंद विषारी असतो असं लिहिलंय. बरोबर लिहिलंय. कडूकंद विषारीच आहे. खणला, भाजला आणि तसाच खाल्ला, तर घसा खाजतो, जीभ लुळी पडते, पोटात पीळ पडतो, आणि जास्त गेला पोटात तर माणूस उठत नाही. आणि ह्याच कंदावर आमच्या किती पिढ्या जगल्या. ही दुसरी गोष्ट मोबाइलमध्ये लिहिलेली नसेल, ती मी सांगते.

आमच्या मोरदऱ्याच्या वाडीची रीत अशी, की जिने कंद शिजवला तिने पहिल्यांदा खायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खाऊन झालं की बोलत बसायचं. पाहुण्यांनी ऐकायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. जीभ अडखळायला लागली, ओठ जड झाले, तर सगळी पानं उचलायची आणि खड्ड्यात पुरायची. मी आत्ता तुमच्यासमोर खाल्लंय, बघितलंत ना? आता मी बोलणार आणि तुम्ही बसणार. आसपासची गावं ह्यावरून आम्हाला नावं ठेवतात. म्हणतात, मोरदऱ्याच्या बाया पाहुण्याला ताटकळत ठेवून स्वतः आधी जेवतात. म्हणू देत. ही रीत कशी पडली ते त्यांनाही ठाऊक आहे.

ह्या वाडीत राघी नावाची बाई नांदत होती. कधी, ते मला विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूने सांगितलेली गोष्ट आहे ही. राघीचा नवरा गोमा. त्यांना एकच लेक, सोमी. ती ह्या समोरच्या खिंडीपलीकडे धामणवाडीला दिलेली होती. खिंड दिसते ना, त्या दोन सुळक्यांच्या मधली? सकाळी इथून निघालं तर माणूस जेवणवेळेच्या आत धामणवाडीला पोचतो. अंगणात उभं राहिलं की राघीला लेकीच्या गावचा धूर दिसायचा म्हणे. लेक एवढ्या जवळ पडली म्हणून बाकीच्या बाया तिचा हेवा करायच्या.

कडूकंदाला राघीचा हात फार चांगला, असं सांगतात. तेव्हाही कंद करायची पद्धत आमची आजची आहे तीच होती. कंद सोलायचा, पापडासारख्या पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख टाकून त्या उकडायच्या. मग पाटीत भरून पाटी रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायची. सकाळी धुवायच्या, पुन्हा उकडायच्या, मीठ टाकायचं. पाटी ठेवायची जागा ठरलेली, हा खालचा डोह. सगळी वाडी तिथंच ठेवायची. दिवाळी झाली की कंद खणायला लागायचे आणि संक्रांतीपर्यंत खाऊन संपायचे. घरातली नाचणी, वरई पुरत नाही कुणाला, मधले दिवस कंदच काढायचा.

आणि पाहुण्याची रीत म्हणाल, तर तेव्हा आमच्यातही तुमच्यासारखीच होती. पाहुणा आधी बसायचा. घरधनी हात जोडून शेजारी उभा राहायचा आणि घ्या, घ्या म्हणायचा. पाहुणा पोट भरून उठल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही. बाया तर सगळ्यात शेवटी. पाहुण्यानेही नको म्हणायचं नाही, पान रिकामं करून उठायचं, तरच यजमानाचं मन राहिलं असं धरायचे.

एका शिमग्याला सोमीचे सासू-सासरे मोरदऱ्याला आले. सासरे कोंडाजी, सासू येसूबाई. लग्नानंतर व्याही पहिल्यांदाच घरी येणार म्हणून राघीने कंदांमधले मोठे मोठे, निवडक कंद बाजूला काढून मातीत पुरून ठेवले होते. घरात सगळ्यांचं संपलं तरी तिने त्यांना हात लावला नाही. व्याही यायच्या आदल्या दिवशी तिने ते उकरले, चिरले, राखेत उकडले आणि नेहमीसारखी पाटी डोहात ठेवली. सगळं रोजच्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी कोंडाजी पानावर बसले, गोमा शेजारी उभा राहिला. व्याही, आमच्या गरिबाघरचं आहे, पण घ्या अजून. व्याही, एवढ्याने काय होतं, घ्या. कोंडाजींनी पान रिकामं केलं. गोमाने पुन्हा भरलं. तेही त्यांनी रिकामं केलं. राघी चुलीपाशी बसून ऐकत होती आणि तिला बरं वाटत होतं, की व्याह्यांना आवडलं.

बायकांची पंगत बसायच्या आतच कोंडाजी म्हणाले, दिवस मावळायच्या आत पोचायचंय, निघतो. येसूबाई तशीच उपाशी उठली, आणि घरातलंही कुणी अजून जेवलं नव्हतं. खिंडीच्या चढावर कोंडाजींना ओकाऱ्या झाल्या. मग पाय चालेनात. मग जीभ चालेना. येसूबाईने ऊर फुटेस्तोवर हाका मारल्या, खालून माणसं धावली, वरून धावली, पण कोंडाजी खिंडीतच गेले.

पुढे जे झालं ते तुम्हीही ओळखलं असेल. धामणवाडीने म्हटलं, राघीने विष घातलं. का घालील, तिची लेक त्यांच्या घरात, हे कुणी विचारलं नाही. रागात एवढं कुणाला सुचतं? त्यांनी खिंडीतून निरोप पाठवला. सोमी आमची सून आहे, ती इथंच राहील. तिला माहेर नाही असं समजा, आणि मोरदऱ्याच्या माणसाने खिंड ओलांडू नये.

आमच्या वाडीत भगत बसवला. भगत म्हणाला, डोंगरदेव कोपलाय, कंद त्याचे आहेत, आता ते खणू नका. सगळ्या वाडीने देवाच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली. राघीने हात पुढे केलाच नाही. लोक म्हणाले, अगं, एवढं होऊनही तुझी मस्ती जात नाही का? तेव्हा ती जे बोलली ते आजही वाडीत जसंच्या तसं सांगतात.

“देवाला माझा राग होता तर त्याने मला घ्यायचं. पाहुण्याने त्याचं काय बिघडवलं होतं? चूक माझ्या हातून झालीय. कुठं झाली ते मी शोधणार, आणि येसूबाईला जाऊन सांगणार.”

वाडीने तिला मारलं नाही की हाकललं नाही. फक्त सांगितलं, तुला खणायचं तर खण, पण तुझ्या चुलीवरचं कुणी खाणार नाही. राघी म्हणाली, नका खाऊ.

गोमाची अवस्था वाईट होती. तो दिवसभर उंबऱ्यावर बसून असायचा. पावसाळा संपला, वेली वाळल्या आणि राघी पहार घेऊन निघाली, तसा तो आडवा आला. तू मेलीस तर सोमीला आईही राहणार नाही आणि आपलं काय चुकलं तेही कुणाला कळणार नाही, म्हणाला. राघी म्हणाली, मी घरात जिवंत बसून राहिले तरी तिला आई आहे कुठं? गोमा बाजूला झाला, आणि थोड्या वेळाने टोपली घेऊन तिच्या मागे गेला.

तिने कंद आणला आणि सगळं पहिल्यासारखं केलं. डोहात ठेवला, सकाळी काढला. मग एक चकती ओठाला लावून बसून राहिली. काही झालं नाही. जिभेच्या शेंड्यावर ठेवली, थुंकली, पुन्हा बसून राहिली. मग तांदळाएवढा तुकडा गिळला. मग नखाएवढा. एकजण म्हणाला, कुत्र्याला घालून बघ की, स्वतः कशाला मरतेस? तिने त्याला विचारलं, कुत्र्याला कुठं खाजलं आणि कधी खाजलं ते मला तू सांगशील का? त्यानंतर कुणी शहाणपण शिकवायला गेलं नाही.

कंद अगदी चांगला झाला होता. गोड लागला. शेवटी तिने पानभर खाल्ला आणि तिला काहीही झालं नाही.

तुम्हाला वाटेल, आनंद झाला असेल. ती रडली म्हणे. कंद चांगला झाला म्हणून रडणारी बाई वाडीने पहिल्यांदाच बघितली. पण विचार करा. तोच डोंगर, तोच विळा, तीच राख, तीच पाटी, तोच डोह, आणि कंद चांगला. मग कोंडाजी कशाने गेले? लोक म्हणायला लागले, बघ, भगत खरं बोलत होता, देवाचाच कोप. चांगला कंद दाखवून तिला कुणी लेक परत देणार नव्हतं. तिला चूक हवी होती. जी चूक एकदा झाली, ती पुन्हा तिच्या हातून व्हायला हवी होती, म्हणजे ती नेमकी पकडता आली असती.

म्हणून ती करत राहिली. जाड चकत्या करून बघितल्या. राख कमी करून बघितली, जळक्या लाकडाची, शेणीची, निरनिराळी राख घेऊन बघितली. दुसऱ्या उतारावरचे कंद आणले. कधी थोडं खवखवलं, कधी कडू लागलं, पण माणूस मरेल असं काही होईना. काही कंद मात्र तिने तसेच मातीत पुरून ठेवले, गेल्या वर्षीसारखे.

संक्रांतीच्या सुमारास गुरं चारणाऱ्या बायांनी खिंडीतून बातमी आणली, सोमीला दिवस गेलेत, शिमग्यानंतर बाळंत होईल. पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तुमच्यातही असेल. त्या बायांनी हेही सांगितलं की सोमी कुणाला काही बोलत नाही, पण सांजेला पाणी भरायला येते तेव्हा खिंडीकडे तोंड करून उभी राहते. राघीने सगळं ऐकून घेतलं आणि विळा घेऊन पुन्हा चकत्या करायला बसली.

महाशिवरात्र झाली. राघीने मातीत पुरलेले कंद उकरले, केले, डोहात ठेवले. सकाळी चकती ओठाला लावली, आणि ओठ बधिर झाले. जिभेला लावली, तर जिभेचा शेंडा मेल्यासारखा झाला. तिने थुंकून चुळा भरल्या आणि गोमाला हाक मारली. गोमा धावत आला, तर बायकोचे ओठ लोंबलेले, लाळ गळतेय आणि ती हसतेय. त्याला वाटलं, भ्रमिष्ट झाली. ती बोटाने नुसती डोहाकडे दाखवत होती, बोलता येईना तिला.

जीभ सुटायला दुपार झाली. तोवर ती डोहाच्या काठावर बसून होती. बसल्या बसल्या तिने एक पान पाण्यात टाकलं. पान पडलं तिथंच राहिलं. थोड्या वेळाने तिने दुसरं टाकलं, तेही पहिल्याच्या शेजारी जाऊन बसलं. दिवाळीत ह्याच डोहात पान टाकलं असतं तर डोळ्यांदेखत वाहून गेलं असतं. तेव्हा ओहोळ वाहता असतो. शिमग्याच्या तोंडाशी वरची धार तुटते, डोह भरलेला दिसतो, पण पाणी बसलेलं असतं. कंदातून विष निघतं आणि तिथंच पाटीभोवती राहतं. रात्रभर कंद स्वतःच्याच विषात भिजत पडतो. वाडीत आजवर कुणाचं चुकलं नव्हतं, कारण शिमग्यापर्यंत कुणाच्या घरी कंद उरतच नव्हता. राघीने तो उरवला होता, व्याह्यांसाठी, निवडून. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती पुन्हा रडली म्हणे, आणि ह्या वेळी गोमाही तिच्याबरोबर रडला.

पण रडत बसायला वेळ कुठं होता? शिमगा जवळ येत होता. चूक सापडली होती, आता ती दुरुस्त करून दाखवायची होती. ह्या कातळावर वरून एक झरा पाझरतो, तो बारा महिने असतो, पण पाणी कातळभर पसरतं आणि उन्हाने वाळून जातं. राघी म्हणाली, हे पाणी एका वाटेने नेलं तर ते वाहील. गोमाने पहार घेतली. कातळ कसला कठीण आहे, बघा हात लावून. तो ठोकायचा, ती खडे काढायची. तो दमला की ती ठोकायची. सुरुवातीला लोक लांबून बघत होते. मग गोमाचा चुलतभाऊ आपली पहार घेऊन आला आणि ठोकायला लागला. शिमग्याच्या आधी पाणी ह्या खाचांतून उतरायला लागलं, आणि राघीने शेवटच्या खाचेत पाटी ठेवली. पान टाकलं, ते वाहून गेलं. सकाळी चकती ओठाला लावली, ओठ जसेच्या तसे.

आता येसूबाईपर्यंत पोचायचं कसं? खिंड बंद. पण कोंडाजींना जाऊन वर्ष होत होतं, आणि ते जिथं गेले तिथं येसूबाई दगड मांडून फुलं वाहायला येणार, हे राघीला ठाऊक होतं. ती आणि गोमा दोघंही पहाटेच खिंडीत जाऊन बसले, आपल्या बाजूला, हद्दीच्या आत. ऊन वर आल्यावर येसूबाई आली. मागे पोट सांभाळत सोमी आली. आई आणि लेक वर्षाने एकमेकींना बघत होत्या, आणि दोघींच्या मध्ये येसूबाई उभी होती.

राघी सोमीकडे गेली नाही. ती येसूबाईसमोर वाकून म्हणाली, “विहीणबाई, माझ्या हातून काय चुकलं ते मला सापडलंय. खाली येऊन बघा. बघून झालं की मला काय म्हणायचं ते म्हणा.”

येसूबाईने फुलं दगडावर ठेवली, पदर खोचला आणि ती उतरायला लागली. सोमीला कुणी ये म्हटलं नाही, पण नको असंही म्हटलं नाही, म्हणून तीही मागून उतरली.

इथं ह्या कातळापाशी सगळी वाडी गोळा झाली. राघीने डोहात पान टाकून दाखवलं, खाचेत पान टाकून दाखवलं. मग खाचेतली पाटी उचलली, चकत्या धुतल्या, चुलीवर पुन्हा उकडल्या. एकच पान मांडलं. येसूबाईला वाटलं, ते आपल्यासाठी. राघी त्या पानावर स्वतः बसली आणि सगळ्यांसमोर खाल्लं. खाऊन झाल्यावर ती खाली मान घालून गप्प बसली.

तेव्हा येसूबाई म्हणाली, “गप्प बसू नकोस. बोल. जायच्या आधी त्यांची जीभ गेली होती. तुझी चालते का ते मला ऐकू दे.”

राघीने बोलायला सुरुवात केली. दुसरं काय बोलणार? तिने तेच सांगितलं. कंद कसे निवडले, कुठं पुरले, कधी उकरले, चकत्या किती पातळ केल्या, पाटी कुठं ठेवली. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. सांगता सांगता ती त्या दिवशीच्या पंगतीपर्यंत आली आणि म्हणाली, व्याह्यांनी दोनदा पान रिकामं केलं, म्हणून मला वाटलं त्यांना आवडलं.

येसूबाईने तिला तिथं थांबवलं.

“आवडलं नव्हतं,” ती म्हणाली. “पहिल्याच घासाला घसा खवखवला होता त्यांचा. चढावर मला म्हणाले. मी विचारलं, मग खाल्लंत कशाला? म्हणाले, व्याही हात जोडून उभे होते, नको कसं म्हणू?”

ही गोष्ट तिने वर्षभर कुणाला सांगितली नव्हती म्हणे. सांगितली असती तर लोकांनी तिच्या नवऱ्याला भोळा म्हटलं असतं, भिडेपायी मेला म्हणून हसले असते. तिला ते नको होतं. ऐकून गोमा जमिनीवर कोसळला. मी वाढलं, मी घ्या घ्या म्हटलं, विष बायकोच्या हातचं नव्हतं, माझ्या तोंडचं होतं, असं म्हणत तो कातळावर कपाळ आपटायला लागला. सगळ्यांनी धरलं त्याला. येसूबाईही रडली. पण ती राघीला म्हणाली, तू बोलत राहा, अजून थांबू नकोस. राघी बोलत राहिली, सावली कातळाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत, आणि तिची जीभ कुठंही अडखळली नाही.

मग राघीने येसूबाईपुढे पान मांडलं. गोमाने डोळे पुसले, आणि सवयच ती, हात जोडून तोंड उघडलं. घ्या, हा शब्द त्याच्या तोंडात आला होता. त्याने तो गिळला. हात सोडले आणि मागे जाऊन उभा राहिला.

येसूबाईने पानाकडे बघितलं आणि म्हणाली, “मी हे खाणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. पण सोमीला मी बाळंतपणाला इथं ठेवून जाते. तिला जे वाढशील ते आधी तू खा. आणि तिने नको म्हटलं, तर घे म्हणू नकोस.”

एवढं बोलून ती उठली आणि एकटी खिंड चढून गेली. सोमी आईजवळ राहिली. सोमीला मुलगा झाला की मुलगी, ह्यावर वाडीत अजून दोन मतं आहेत, वरच्या आळीचे मुलगी म्हणतात आणि खालच्या आळीचे मुलगा. दोघंही सुखरूप होती, ह्यावर मात्र भांडण नाही. खिंड उघडली. वाडीची शपथही सुटली, लोक पुन्हा कंद खणायला लागले. येसूबाई पुढे कितीदा तरी मोरदऱ्याला आली, नातवंडाला घेऊन गेली, राघीच्या अंगणात बसून तिने नाचणीची भाकरी खाल्ली. कंद तिने शेवटपर्यंत खाल्ला नाही, आणि कुणी तिला एकदाही विचारलं नाही.

आजही इथं कंद धुवायच्या आधी पाण्यात पान टाकून बघतात. आजही शिजवणारी आधी खाते आणि हीच गोष्ट पहिल्यापासून सांगते, म्हणजे वाडीतल्या पोरींना चूक कुठं होते तेही ऐकून ऐकून पाठ होतं. तुम्ही मात्र घरी जाऊन कुठली तरी वेल उपटून उकडत बसू नका. गोष्ट ऐकली म्हणून हात येत नाही. मला येईपर्यंत माझी अर्धी हयात गेली.

आणि आजही मोरदऱ्यात पाहुण्याला आग्रह करत नाहीत. लग्न असो, बारसं असो, वाढणारा पानावर वाढतो आणि पुढे जातो. कुणी पान तसंच ठेवून उठला तर त्याला का म्हणून विचारत नाहीत. बाहेरून आलेल्या सुनांना पहिलं वर्षभर फार जड जातं ते, मलाही गेलं. आता माझं बोलून झालं. माझी जीभ कशी चालली ते तुम्ही ऐकलंत. पान तुमच्यासमोर आहे. मी काही घ्या म्हणणार नाही.